रबराची शीट आतून पांढरी राहते, वरून बुरशी येते: गोव्यातल्या सत्तरीच्या बागायतदाराला उत्तर

शीट आठ दिवस धुराला टांगूनही मध्ये पांढरी, पाऊस सुरू झाला की बुरशी, आणि व्यापारी आरएसएस-४ चा (धुरावर वाळवलेल्या नक्षीच्या शीटची एक प्रत) भाव द्यायला तयार नाही, हे तुमचं दुखणं ओळखीचं आहे. टॅपिंग (झाडाला चीर देऊन चीक काढणं), चीक गाळणं तुम्हाला येतंच, ते सोडतो. तुम्ही बुरशीचं औषध विचारलंत. माझ्या मते आधी पाण्याचं माप बघा.

झाडाच्या चिकात रबर साधारण ३० ते ४० टक्के असतं. शीटसाठी ते साडेबारा टक्क्यांवर आणायचं. ३० टक्क्यांच्या १ लिटर चिकाला १.४ लिटर पाणी लागतं. पावसात चीक मुळातच पातळ येतो, तेव्हा कमी. शीट त्याच दिवशी काढायची तर अशा ४ लिटर पातळ चिकाला तो गोठवायला सुमारे २ मिली फॉर्मिक अ‍ॅसिड, तेही आधी ४०० मिली पाण्यात मिसळून. बाटलीवरची तीव्रता वाचा. हातमोजे घाला, कातडी भाजते.

आमचं सगळ्यात जास्त नुकसान केलं ते एका कार्यालयाच्या कागदानं. त्यावर ‘४ लिटरला २ मिली’ एवढंच, चीक पातळ करण्याची ओळच नाही. विचारायला गेलं की म्हणे आधी एक-चौदाचा उतारा (जमिनीचा दाखला) आणा! चीक गोठवायला एक-चौदा कशाला? घट्ट चिकाला तेवढं अ‍ॅसिड पुरत नाही, गोठलेल्या गोळ्याखालचं पाणी दुधाळ राहतं. मग माणूस अंदाजानं आणखी ओततो आणि गोळा असा कडक होतो की रोलरला दबत नाही. शीट जाड राहते, अ‍ॅसिड धुऊन निघत नाही, आतलं पाणी आतच. तुमची पांढरी पट्टी बहुधा हीच आणि बुरशीही त्या ओलीमुळेच, अर्थात शीट न बघता सांगतोय. खालचं पाणी नितळ दिसलं की माप बरोबर समजा.

शीट ३ मिमीच्या आसपास हवी, शेवटचा हात नक्षीच्या रोलरचा. भरपूर पाण्यानं धुवा, सावलीत निथळू द्या, मग धूर. ४० ते ६० अंशांत चारेक दिवसांत पारदर्शक व्हायला हवी. घाईनं जाळ वाढवला तर फोड येतात, शीट चिकट होते. स्वस्त म्हणून फॉर्मिकऐवजी गंधकाम्ल वापरायला सांगणारे भेटतील. माझा साफ विरोध. रबर खराब होतं, रोलरही गंजतात.

आणखी एक. तांबं रबराचं वैरी आहे, शीट पुढे मऊ-चिकट पडते. म्हणून चीक भाणात (तांब्याच्या हंड्यात) किंवा पितळी भांड्यात ओतू नका. मेमध्ये फवारणीचं बोर्डो मिश्रण कालवलेलं पिंप तर नुसतं विसळून चिकाला मुळीच घेऊ नये, त्यात मोरचूद, म्हणजे तांब्याचाच क्षार असतो.