प्लास्टिकच्या पिशवीला खरंच पर्याय आहे का? एका किराणा दुकानदाराचं उत्तर

तुम्ही विचारलंय की घरातलं प्लास्टिक कमी करायचंय, बाजारात कागदी, कापडी, 'बायोडिग्रेडेबल' असं बरंच काही मिळतं, तर त्यातलं खरं पर्यावरणपूरक कुठलं? आणि एका घरानं बदलून काही फरक पडतो का?

सांगलीच्या गावभागात आमचं किराणा दुकान आहे. वडिलांच्या हाताखाली शिकलो, आता पंचवीस वर्षं मीच गल्ल्यावर बसतो. एवढ्या वर्षांत किती पिशव्या माझ्या हातून लोकांच्या घरी गेल्या, त्याची गणती नाही. म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहितोय.

आधी थेट सांगतो. जी वस्तू वापरून पुन्हा वापरात येते, ती घ्या. एकदा वापरून टाकायचीच असेल, तर ती कागदाची की मक्याची की उसाच्या चिपाडाची, यानं लोकांना वाटतं तेवढा फरक पडत नाही. हे मला कळायला बरीच वर्षं गेली.

राज्य सरकारनं २३ मार्च २०१८ ला प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली आणि २३ जूनपासून कारवाई सुरू झाली. पहिल्यांदा सापडलं तर ५,००० रुपये दंड. बाजारपेठेत सगळेच धास्तावले. मीही कॅरीबॅगा बंद केल्या. चार-सहा महिने ठीक चाललं. मग शेजारचे दोघे-तिघे पुन्हा द्यायला लागले, गिऱ्हाईक "पिशवी नाही? मग राहू दे" म्हणून उठून जायला लागलं आणि माझ्याही काउंटरखाली गठ्ठा परत आला.

पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०१९ मध्ये, कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे, पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं. आमचं दुकान पाण्याखाली होतं. पाणी उतरल्यावर चिखल उपसला, साखरेची आणि डाळींची भिजलेली पोती टाकून दिली. आठ-दहा दिवसांनी नदीकडं गेलो. काठावरच्या बाभळींना माझ्या डोक्याच्या कितीतरी वर पिशव्या लटकत होत्या. पाणी कुठवर चढलं होतं, ते त्या पिशव्यांवरून दिसत होतं. खालच्या फांदीवरची एक ओढून काढली, चिखल पुसला. पांढरी, गुलाबी पट्ट्यांची, पातळ. मी देत होतो तसलीच. माझ्या दुकानातली होती की नव्हती, कोण सांगणार? पण ती माझी नाही, असं मला म्हणवेना.

तिथून पुढं मी पर्याय शोधायला लागलो आणि दोनदा फसलो.

पहिल्यांदा एका ठोक विक्रेत्यानं हिरव्या पानाचं चित्र छापलेल्या पिशव्या दिल्या. "शंभर टक्के बायोडिग्रेडेबल, मातीत विरघळते." साध्या पिशवीच्या जवळजवळ दुप्पट भाव देऊन घेतल्या. बायकोनं त्यातली एक गच्चीवरच्या कढीपत्त्याच्या कुंडीत पुरली. पुढच्या वर्षी कुंडी बदलताना ती जशीच्या तशी निघाली. हिरवं पानसुद्धा पुसलं नव्हतं. नंतर चौकशी केली तेव्हा कळलं, की यात दोन प्रकार असतात. एक म्हणजे साधंच प्लास्टिक, त्यात लवकर तुकडे पडावेत म्हणून काहीतरी मिसळलेलं. त्याचे बारीक कण होतात, पण ते प्लास्टिकच राहतं. दुसरा प्रकार खरा कंपोस्टेबल, मका वगैरेंच्या स्टार्चपासून केलेला. त्यावर उत्पादकाचं नाव, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक आणि आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक छापलेलं असतं. पण तो कुजायला सलग बरेच दिवस साठ अंशांच्या आसपास तापमान लागतं. ते मोठ्या कंपोस्ट प्रकल्पात मिळतं, तुमच्या कुंडीत किंवा रस्त्याकडेच्या उकिरड्यात नाही. आणि भंगारात तो साध्या प्लास्टिकमध्ये मिसळला, तर तो सगळा माल खराब करतो. तुमच्या गावात ओल्या कचऱ्याचा तसा प्रकल्प नसेल, तर जास्तीचे पैसे देऊन ही पिशवी घेण्यात मला अर्थ वाटत नाही.

दुसऱ्यांदा फसलो ते 'कापडी' पिशवीला. साड्यांच्या आणि मिठाईच्या दुकानांत लाल-पिवळ्या, बारीक टिपक्यांच्या खरखरीत पिशव्या मिळतात ना, त्यांना सगळे कापडी म्हणतात. ते कापड नाही. ते पॉलिप्रॉपिलीन आहे, म्हणजे प्लास्टिकचेच धागे दाबून चिकटवलेले. घरी तपासायचं असेल तर कोपरा ओढून बघा. विणलेल्या कापडाचा उभा-आडवा धागा सुटून येतो, याचा नुसता पिंजल्यासारखा तंतू निघतो. माझ्याकडं अशा पंधरा-वीस पिशव्या खिडकीपाशी उन्हात टांगलेल्या राहिल्या. दोन उन्हाळ्यांनंतर हात लावला तर बोटांवर रंगीत भुसा आला. तो भुसा झाडून मी गटारातच लोटला, कारण तेव्हा ते काय आहे हे मला माहीत नव्हतं.

मग खरं सुती कापड? हो, पण त्यातही एक हिशेब आहे. कापसाला पाणी, खत, फवारणी लागते, सूतगिरणीला वीज लागते. ब्रिटनच्या पर्यावरण खात्यानं २०११ मध्ये काढलेल्या अभ्यासात असं निघालं, की तापमानवाढीच्या हिशेबात नवी सुती पिशवी १३१ वेळा वापरली, तर ती एकदा वापरून टाकलेल्या पातळ पिशवीच्या बरोबरीला येते. आठवड्यातून दोनदा बाजार धरला तर सव्वा वर्ष. म्हणजे प्रत्येक समारंभात वाटतात त्या नव्याकोऱ्या कापडी पिशव्या घरात वीस-वीस साठवून काही उपयोग नाही. चार ठेवा आणि त्या फाटेपर्यंत वापरा.

जुन्या साडीची, चादरीची पिशवी मात्र बिनधास्त शिवा. तो कापूस केव्हाच पिकून, विणून, वापरून झालाय. आमच्या गल्लीतल्या एक मावशी शिवणकाम करतात. त्यांच्याकडून मी जुन्या चादरींच्या पन्नास पिशव्या शिवून घेतल्या. बुडाला दुहेरी शिवण, बंद खांद्याला अडकेल एवढे लांब, पाच किलो साखर सहज पेलेल अशा. २० रुपये अनामत ठेवा, पिशवी न्या, परत आणली की पैसे परत. पहिल्या दोन महिन्यांत बहुतेक पिशव्या गेल्या त्या गेल्याच. मी वैतागलो होतो. मावशी म्हणाल्या, "अरे, गेल्या म्हणजे कुठं गेल्या? कुणाच्या तरी घरी दाराला अडकवून असतील की." आणि खरंच, पुढं तीच माणसं तीच पिशवी घेऊन सामानाला यायला लागली. अनामत मागायला मोजकेच आले.

आता पुड्यांबद्दल. वडिलांच्या काळी दुकानात प्लास्टिक जवळजवळ नव्हतंच. आढ्याला दोऱ्याची रीळ टांगलेली. तागडीतली डाळ रद्दीवर ओतायची, कागदाचे दोन काठ एकत्र धरून दुमडायचे, टोकं आत खोचायची, वरून येणारा दोरा पुड्याला दोन आडवे आणि एक उभा वेढा देऊन बोटाच्या एका हिसक्यानं तोडायचा. अर्ध्या मिनिटाचं काम. तो पुडा घरी डब्यात रिकामा व्हायचा, दोरा खुंटीला गुंडाळून ठेवला जायचा, कागद चुलीत जायचा. हे मी पुन्हा सुरू केलं, पण जसंच्या तसं नाही. छापील कागदाची शाई अन्नात उतरते. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं वर्तमानपत्रात खाण्याच्या वस्तू बांधू नका, असं २०१६ मध्येच सांगितलंय. म्हणून मी कोरा खाकी कागद वापरतो. तुम्हीही वडापाव, भजी छापील कागदात घेऊ नका. डबा पुढं करा, गाडीवाले नाही म्हणत नाहीत.

त्याहून सोपं म्हणजे घरचे डबे घेऊन दुकानात या. लोकांना संकोच वाटतो, पण मला तरी ते आवडतं. रिकामा डबा काट्यावर ठेवून वजन शून्य करायचं आणि थेट भरायचं. एक अडचण सांगतो. सुटं खाद्यतेल विकायला कायद्यानं मनाई आहे, भेसळीमुळं. ती मला रास्तच वाटते. तेल पिशवीत किंवा डब्यात येणारच. तिथं एक-एक लिटरच्या पिशव्यांऐवजी १५ लिटरचा पत्र्याचा डबा दोन-तीन घरांत मिळून घेता येतो. रिकाम्या डब्याला भंगारात चांगले पैसे येतात.

चहाचा कागदी कप हाही कागद समजू नका. आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तर तो गळत नाही. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांना २०२० मध्ये असं दिसलं, की अशा कपात १०० मिली गरम पातळ पदार्थ १५ मिनिटं राहिला तर त्यात सुमारे २५,००० सूक्ष्म प्लास्टिक कण उतरतात. टपरीवर काचेचा ग्लास मागा. जेवणावळीतले चंदेरी द्रोण आणि पुठ्ठ्यावर चकचकीत थर असलेल्या 'पत्रावळी' यांचंही तेच. खरी पत्रावळ पळसाच्या पानांना काड्यांनी टाचलेली असते, किंवा कोकणात पोफळीच्या विरीची. पण शंभर पानांपर्यंतची पंगत असेल तर मी म्हणेन, स्टीलची ताटं भाड्यानं आणा. आमच्या गल्लीच्या गणपती मंडळानं वर्गणीतून ताट-वाट्यांचा संच घेतलाय. सत्यनारायण, बारसं, डोहाळजेवण, सगळ्यांना तोच जातो. घासायला दोन बाया लावल्या, तरी पत्रावळी-द्रोण-ग्लासांपेक्षा खर्च कमी येतो. शिवाय दुसऱ्या दिवशी गल्लीच्या कोपऱ्यावर खरकट्यासकट ढीग पडत नाही आणि त्यातलं गाईंच्या पोटात जात नाही.

एका गोष्टीवर माझ्याकडं चांगलं उत्तर नाही. दुकानाच्या दारात शाम्पू, कॉफी, वेफर्सच्या पाकिटांच्या माळा लटकलेल्या असतात. ते प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकत्र चिकटवलेले असतात, त्यामुळे भंगारवाला त्याला हात लावत नाही. पाण्याची बाटली उचलली जाते, दुधाची पिशवी उचलली जाते, हे पाकीट कुणी उचलत नाही. ते विकणं बंद करावं असं खूपदा वाटतं. पण संध्याकाळी मजुरीवरून परतणारी बाई दोन रुपयांचं शाम्पूचं पाकीट घेते, कारण दीडशेची बाटली एकदम घेणं तिला जमत नाही. तिला मी काय सांगू? ही जबाबदारी पाकीट बनवणाऱ्यांची आहे. कायद्यातही तसं लिहिलंय, की बाजारात आणलेल्या वेष्टनाची विल्हेवाट कंपनीनं लावायची. ते आमच्या गल्लीत उतरलेलं मी अजून पाहिलेलं नाही. तुम्हाला परवडत असेल तर मोठी बाटली घ्या, नाहीतर अंगाला आणि डोक्याला साबणाची वडी वापरा.

आणि एक कळकळीची विनंती, पर्याय कुठलाही निवडा, पण प्लास्टिक जाळू नका. आमच्याकडं अजून पुष्कळ घरांत पाण्याचा बंब पेटवायला पिशवी लावतात, पटकन पेट घेते म्हणून. त्या धुरात सगळ्यांत आधी असते ती पहाटे बंब पेटवणारी घरातली बाई आणि तिच्या मागं उभं राहिलेलं पोर. लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, भारतात वर्षाला ९३ लाख टन प्लास्टिक कचऱ्याच्या व्यवस्थेबाहेर पडतं आणि त्यातलं जवळजवळ ५८ लाख टन उघड्यावर जळतं. नदीतली पिशवी निदान डोळ्यांना दिसते. जळालेली दिसत नाही, म्हणून तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. बंबाला नारळाच्या शेंड्या लावा, वाळलेली कणसं लावा. पिशव्या धुऊन, वाळवून एका पोत्यात साठवा आणि महिन्याकाठी कचरावेचक बाईंच्या हातात द्या. स्वच्छ मालाला भाव मिळतो, घाणीत लडबडलेल्याला मिळत नाही.

प्लास्टिक मुळातच वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पुरात आम्हाला प्यायला पाणी मिळालं ते बाटल्यांतूनच, आणि माळ्यावरच्या झाकणबंद बॅरलमधलं धान्य तेवढं वाचलं. ते बॅरल अजून वापरात आहे.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न, एका घरानं काय होतं. गावाचं मला सांगता येणार नाही, दुकानाचं सांगतो. कॅरीबॅग आम्हाला किलोवर विकत मिळते. पूर्वी मला आठवड्याला दोन-अडीच किलो लागायच्या. आधी पाच-सहा घरं पिशवी आणि डबे आणायला लागली. त्यांचं बघून, रांगेत मागं उभी असलेली माणसं "उद्यापासून मीपण आणतो" म्हणायला लागली. मी कुणाला काही शिकवलं नाही. आता हातात धरायची पिशवी मी ठेवतच नाही. गिऱ्हाईक थोडं तुटलं, बरंचसं परत आलं.

अडकलोय तो गुळाशी. आषाढ-श्रावणात ढेपेला पाझर फुटतो, खाकी कागद ओला होऊन फाटतो, आणि त्या दोन महिन्यांत किलो-अर्धा किलो गूळ मला अजून प्लास्टिकमध्येच बांधून द्यावा लागतो. केळीचं वाळलेलं सोपट वापरून पाहिलं, मुंग्या लागल्या. तुमच्या भागात पावसाळ्यात सुटा गूळ कशात बांधतात, ते माहीत असेल तर जरूर कळवा.