मास्क, मस्करी आणि 'नौटंकी'

नागपुरातल्या धंतोलीच्या एक ताई विचारतात: मुलगा ऑटिस्टिक आहे, कॉलेजात जातो. घरी आला की दार लावून तासन्‌तास पडून राहतो, जेवायलाही उठत नाही. डॉक्टर म्हणतात, हा 'मास्किंग'चा, म्हणजे चारचौघांत आपलं वेगळेपण लपवून वागण्याचा थकवा. नातेवाइकांना मराठीत सांगताना 'मुखवटा घालणं' म्हणू की 'सोंग घेणं'? आणि मास्किंग 'केलं' की 'केली'?

दोन्ही शब्द नको. 'नौटंकी' तर मुळीच नको. "काहून नौटंकी करून राहिला बे?" हे बर्डीपासून हिंगण्यापर्यंत ऐकून कान किटलेत. पोरगं कान झाकून बसलं तरी नौटंकी, नाही बसलं तर "मग तुला काही झालंच नाही".

मराठीत मुखवटा गळून पडतो किंवा टराटरा फाडला जातो, आणि आत हमखास लबाड निघतो. सोंगही झोपेचं असतं, आजाराचं असतं, फसवायलाच घेतलेलं. इथे पोरगा हातांची हालचाल दाबतो, समोरच्याच्या डोळ्यांऐवजी कपाळाकडे बघतो, वाक्यं आधी मनात घोकतो, इतर हसले की हसतो. यात फसवलं कुणाला?

आता मूळ शब्दाकडे येऊ. कोरोनाचा मास्क, ब्यूटी पार्लरचा मास्क सोडून देतो. इंग्रजांनी 'मास्क' फ्रेंचांकडून घेतला, फ्रेंचांनी इटालियन 'मास्केरा'वरून. तिथून पुढे भांडण आहे. एक पक्ष लॅटिन 'मास्का'कडे बोट दाखवतो. इटलीतल्या लोंबार्ड राजा रोथारीच्या 643 सालच्या कायद्यात तो चेटकीण या अर्थाने येतो. ठीक आहे, पण आधी सापडला म्हणून कुणी बाप ठरत नाही. 'मास्केरा'च्या शेवटचा 'रा' कुठून आला, ते हा पक्ष समाधानकारक सांगत नाही. अरबी 'मस्खरा'त तो आयताच आहे. मस्खरा म्हणजे विदूषक, हसण्याचा विषय. तोच शब्द फारसीतून आपल्याकडे आला आणि 'मस्करी' झाला! मला हीच व्युत्पत्ती पटते. यावर आमच्या महाल भागातले संस्कृताभिमानी 'मस्करिन्' काढतात. पाणिनीचं 'मस्करमस्करिणौ वेणुपरिव्राजकयोः' हे सूत्र मलाही पाठ आहे. मस्कर म्हणजे बांबू, मस्करिन् म्हणजे परिव्राजक. त्यात थट्टा शोधायची तर संन्याशालाच गुदगुल्या कराव्या लागतील.

म्हणजे मस्करी आणि मास्क सख्खे निघाले. ताईंच्या मुलाचंही तेच आहे: मस्करीच्या धाकाने मास्क. संशोधक लॉरा हल आणि सहकाऱ्यांनी 2017 साली 92 ऑटिस्टिक प्रौढांचे अनुभव मांडले. चारचौघांत खपून जावं, माणसं जोडली जावीत म्हणून ते हे करत होते. पदरी पडला तो गळून जाण्याइतका थकवा, आणि आपण नेमके कोण हेच हरवल्याची भावना. 2018 च्या दुसऱ्या एका ब्रिटिश अभ्यासात अशा लपवण्याचा आत्महत्येच्या विचारांशी संबंध आढळला. आणि आपण या माणसांना म्हणतो काय, तर 'स्वमग्न'! दिवसभर दुसऱ्यांचे चेहरे वाचण्यात ज्याचा जीव जातो, तो स्वतःत मग्न? हा शब्द रूढ करणाऱ्यांनी एकदा तरी अशा माणसाला विचारायला हवं होतं.

बरं, उत्तर राहिलंच. माझ्या मते 'सावरून राहणं'. यात लबाडीचा वास नाही, कष्ट आहेत. सासरच्या लग्नघरात चार दिवस सावरून राहिलेल्या कोणत्याही बाईला हा थकवा समजावून सांगावा लागत नाही. ती पाचव्या दिवशी माहेरी जाते; या पोराला रोज कॉलेज आहे. त्यातून आपली नागपुरी क्रियापदं इथे प्रमाण मराठीला मागे टाकतात. 'सावरून राहतो' यात सवय दिसते. 'सावरून राहून राहिला' यात न संपणारा तास अन् तास दिसतो. पुण्याचे मुद्रितशोधक एक 'राहून' खोडतील. खोडू द्या. नातेवाइकांना सांगा, "सकाळपासून सावरून राहून राहिला तो, आता पडू द्या."

आणि मास्किंग नपुंसकलिंगीच. 'मास्किंग केलं'. 'केली' म्हणायला ती काय मीटिंग आहे?