मे महिन्यात शेतातल्या सिलिकॉन न्यूट्रॉन डिटेक्टरची मोजणी दुपारीच का फुगते?

न्यूट्रॉन वाढत नाहीत, तापलेल्या सिलिकॉनचा गळती-प्रवाह (न्यूट्रॉन नसतानाही वाहणारा नकोसा प्रवाह) वाढतो आणि त्याचा गोंगाट न्यूट्रॉन म्हणून मोजला जातो. हा डिटेक्टर न्यूट्रॉन मोजून जमिनीतला ओलावा सांगतो: न्यूट्रॉन जास्त तर ओलावा कमी. म्हणून ओलावा आहे त्यापेक्षा कमी दिसतो. सिलिकॉनचा बँड गॅप (इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी ऊर्जा) जेमतेम 1.12 इलेक्ट्रॉनव्होल्ट, त्यामुळे दर 7-8 अंशांना गळती साधारण दुप्पट होते. 25 वरून 60 अंशांवर गेलं की वीसपटीच्या वर, आणि विदर्भातल्या उन्हात धुऱ्यावरची बंद पत्र्याची पेटी आतून साठी सहज गाठते. बायस रेझिस्टर (ज्यातून डिटेक्टरला व्होल्टेज मिळतं तो) 10 मेगाओहमचा असेल तर 1 मायक्रोअँपिअर गळतीला 10 व्होल्ट तिथेच पडतात आणि डिटेक्टरला तेवढे कमी मिळतात, हे बरेचदा लक्षातच येत नाही. खात्रीसाठी पल्स-हाइट स्पेक्ट्रम (कोणत्या उंचीच्या किती पल्स आल्या याचा आलेख) पाहा: न्यूट्रॉन पकडणाऱ्या लिथियम-6 च्या थरातून येणाऱ्या ट्रायटॉनची (जड हायड्रोजनच्या, म्हणजे ट्रिटियमच्या, केंद्रकाची) 2.73 एमईव्हीची (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टची) कड जवळपास जागेवर राहते, फक्त डावीकडचा, म्हणजे गोंगाटाच्या छोट्या पल्सचा, ढीग वाढतो.

- पेटीला पांढरा रंग, वर तट्ट्याची सावली, मध्ये वीतभर फट.
- थ्रेशोल्ड (ज्याखालच्या पल्स मोजायच्या नाहीत ती मर्यादा) दुपारी 3 वाजता लावा, पहाटे नव्हे.

मात्र थ्रेशोल्ड चढवला की खरे न्यूट्रॉनही थोडे सुटतात, तेव्हा नव्याने कॅलिब्रेशन करून तोच हंगामभर ठेवा. पेल्टिअरने (विजेवर चालणाऱ्या छोट्या कूलरने) थंड करायचं तर पेटी हवाबंद करून आत सिलिका जेल ठेवा, नाहीतर पावसाळ्यात डायोडवर पाणी धरून पृष्ठभागावरची गळती सुरू होते.