एबा, अमाला या पिठाच्या गोळ्यांत काही पोषण असतं, की नुसता स्टार्च? (लागोसला बदली झालीय)

"नुसता स्टार्च" हे आमच्या साडूंचं वाक्य आहे, म्हणून लिहायला बसलो. गोळा कोरडा कोणी गिळत नाही हो, सोबतचं कालवण धरूनच मोजायचं.

साडू नायजेरियातल्या इबादानला आमच्याकडे आले होते. शेजारच्या मामांनी (इथे वडीलधाऱ्या बाईंना 'मामा' म्हणतात) आमच्याच ओट्यापाशी उभं राहून अमाला केला. एलुबो म्हणजे कोनफळाच्या जातीचा कंद उकडून, वाळवून केलेलं पीठ. उकळत्या पाण्यात पडलं की बघता बघता चॉकलेटी होतं. लाकडी दांड्याने घोटून घोटून त्यांनी त्याला तकाकी आणली. वर एवेडू, म्हणजे तागाचा बुळबुळीत पाला, आणि ग्बेगिरी, म्हणजे सालं काढलेल्या चवळीचं घट्ट वरण. साडूंनी एक घास घेऊन ताट सरकवलं. "प्रोटीन शून्य!" मामा बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी संकष्टी. याच गृहस्थांनी पुण्याहून आणलेल्या साबुदाण्याची खिचडी ताटभर हाणली.

एबा होतो गारीचा, आणि गारी म्हणजे कसावा या कंदाचा भाजलेला रवा. साबुदाणाही कसाव्याचाच. फक्त त्यात चोथा काढून टाकतात आणि उरतो तो खरा नुसता स्टार्च. एबाच्या गारीसाठी किसलेला कंद चोथ्यासकट पोत्यात भरून आंबवतात, दाबून पाणी काढतात आणि मोठ्या कढईत भाजतात. कंदातलं सायनाइड असंच घालवतात. तरी 100 ग्रॅम गारीत प्रथिनं जेमतेम ग्रॅमभर, हे मान्य. एलुबोत 3-4 ग्रॅम. उत्तरेकडे हौसा लोक बाजरीचा तुवो, म्हणजे असाच गोळा, करतात, त्या पिठात 10-11, पण कोंडा काढला की घटतात. (बाजरी मुळात त्याच सहेल पट्ट्यातली, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडची, आपल्याकडे नंतर आली.)

खिचडीत दाण्याचं कूट जे काम करतं, तेच इथल्या कालवणात एगुसीच्या, म्हणजे कलिंगडासारख्या एका फळाच्या, बिया करतात. त्यांत पाव हिस्सा प्रथिनं असतात. साडूंना कूट चालतं, मामांची चवळी मात्र हिशेबात धरायची नाही, हा कुठला न्याय?

आता मधुमेह असेल तर गोळा लहानच घ्या. साडूंना आहे, तेवढ्यापुरतं त्यांचं बरोबर. गार पाण्यात गारी आणि साखर घालून खातात, ते रोजचं जेवण करू नका. आणि पिवळी गारी दिसली तर विचारून घ्या. बहुतेक वेळा तो पाम तेलाचा रंग असतो, पण 2011 पासून अ जीवनसत्त्वाचा पिवळा कसावाही नायजेरियात लावतात.