फिफा हा फुटबॉलचा व्हिडिओ गेम खरंच बदलत गेला, की दरवर्षी फक्त जर्सी बदलून तोच विकतात?

दोन्ही खरं आहे. मी फिफा ९८ पासून खेळतोय आणि "नुसते संघ अपडेट करून पैसे उकळतात" असं मीही दर दोन वर्षांनी कुरकुरतो. पण अधूनमधून असा एखादा भाग आला की बोटांची सवयच मोडावी लागली.

१९९३ चा पहिला गेम मी बऱ्याच उशिरा, इम्युलेटरवर (जुने गेम कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या प्रोग्रामवर) खेळलो. मैदान तिरकं दिसायचं, खेळाडूंची नावं मनाने रचलेली (खरी नावं फिफा ९६ मध्ये आली). गोलकीपर किक मारायच्या बेतात असला की त्याच्या पुढ्यात जाऊन उभं राहायचं, बॉल आपल्याला आपटून सरळ जाळ्यात! पंच कार्ड काढायला आला की मैदानभर पळत सुटायचं. फिफा ९८ मध्ये इनडोअर सामने होते, भिंतीवर आपटून पास देता यायचा. माझी अर्धी सुट्टी त्यातच गेली.

खरी उडी मात्र फिफा १० ते १२ मध्ये. आधी खेळाडू आठच दिशांना वळायचा. १० मध्ये तो हवा तसा वळायला लागला. आणि १२ ने तर बचावच बदलला. तोवर एक बटण दाबून धरलं की डिफेंडर आपोआप धावत जाऊन बॉल काढून घ्यायचा, आपण निवांत. आता तेच बटण धरलं तर तो नुसता अंतर राखून समोर उभा राहायचा. पाय कधी घालायचा हे आपण ठरवायचं, चुकलं की समोरचा मोकळा. पहिल्या आठवड्यात मी प्रत्येक सामन्यात पाच-पाच गोल खाल्ले आणि गेमलाच दोष दिला. माझ्या मते या मालिकेतला हा सगळ्यात मोठा बदल, ग्राफिक्स नव्हे.

दुसरा बदल पैशाचा. फिफा ०९ ला जोडून आलेला अल्टिमेट टीम हा मोड, म्हणजे खेळाडूंची बंद पाकिटं उघडून आपला संघ जमवायचा, पुढे सगळ्या गेमच्या डोक्यावर बसला. पाकिटात कोणता खेळाडू निघेल हे नशिबावर, म्हणून बेल्जियमने तो जुगार ठरवला आणि तिथे २०१९ मध्ये फिफा पॉइंट्सची, म्हणजे ही पाकिटं घ्यायला खऱ्या पैशाने विकत मिळणाऱ्या गेममधल्या चलनाची, विक्री थांबली. मी त्या मोडच्या वाटेला जात नाही.

२०२३ मध्ये गेम बनवणाऱ्या ईए कंपनीचा फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेशी असलेला करार संपला आणि नाव झालं ईए स्पोर्ट्स एफसी २४. नवं नाव, नवा मेनू. पहिल्याच सामन्यात मी घाईने पाय घातला आणि पेनल्टी दिली.