'कमिटर'ला 'वचनबद्ध सदस्य' म्हणावं का?

प्रश्न असा आहे: 'अपाचीच्या ओपन सोर्स प्रकल्पात वचनबद्ध सदस्य म्हणून गुणवत्तेनुसार नियुक्ती' असं एका बातमीत छापून आलं. (अपाची ही ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या प्रकल्पांची संस्था.) मूळ शब्द 'कमिटर'. हे भाषांतर बरोबर आहे का?

नाही. 'वचनबद्ध', 'गुणवत्ता' आणि 'नियुक्ती' हे तिन्ही शब्द इथे वाचकाची दिशाभूल करतात.

इथल्या 'कमिट'चा वचनाशी संबंध नाही. कोडमधले बदल नोंदवणारी सीव्हीएस आणि पुढे सबव्हर्जन ही साधनं वापरात असताना प्रकल्पाचा सगळा कोड एका मध्यवर्ती भांडारात असे. 'कमिट' ही आज्ञा दिली की बदल थेट तिथे नोंदला जाई. ती आज्ञा चालवायची मुभा ज्यांना होती, ते कमिटर. फेरफाराचा अर्ज कोणीही देऊ शकतो, पण मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावरच सातबारा बदलतो, तसंच हे. फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्या मंडळींत ही मुभा मिळाली की 'कमिट बिट मिळालं' असा प्रयोग आजही आहे.

बदल नोंदवायचं गिट हे नवं साधन आल्यावर गोंधळ वाढला. गिटमध्ये आपल्या लॅपटॉपवर कोणीही कमिट करतो. परवानगी लागते ती मुख्य भांडारात पुश करायला, म्हणजे बदल तिथे पाठवायला. शिवाय गिटच्या प्रत्येक नोंदीत 'ऑथर' आणि 'कमिटर' अशी दोन वेगळी नावं असतात. गिट लॉग, म्हणजे नोंदींची यादी, 'फुलर' फॉरमॅटमध्ये पाहिला तर दोन्ही दिसतात. तुमचा पॅच, म्हणजे तुम्ही पाठवलेला बदल, दुसऱ्याने लावला की ऑथर तुम्ही, कमिटर तो. गिटची भांडारं ठेवणाऱ्या गिटहब या संकेतस्थळाच्या पानावरचं बटण दाबून मर्ज केलं, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये मिसळला, तर कमिटरच्या जागी चक्क 'गिटहब' येतं. त्यामुळे लॉगमध्ये कमिटर म्हणून नाव आहे, एवढ्यावरून तो माणूस प्रकल्पाचा कमिटर ठरत नाही. बातम्या लिहिणाऱ्यांनी हे तपासायलाच हवं.

आता 'नियुक्ती'. मंडळ अधिकाऱ्याला सरकार नेमतं. कमिटर कोणी वरून नेमत नाही. अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनमध्ये (स्थापना 1999) प्रत्येक प्रकल्पाची एक व्यवस्थापन समिती असते, तिला पीएमसी म्हणतात. एखाद्याचं काम बघून पीएमसीतलं कोणीतरी खासगी मेलिंग लिस्टवर त्याचं नाव सुचवतं. मतदान साधारणपणे किमान 72 तास खुलं राहतं. बहुतेक प्रकल्पांत किमान तीन '+1' (होकार) लागतात आणि एकही '-1' (नकार) चालत नाही. ज्याचं नाव आहे, त्याला यातलं काहीच कळत नाही. नाव मागे पडलं तर त्याचा बोभाटाही होत नाही. मंजूर झालं की आमंत्रण जातं. ते स्वीकारून योगदान-परवान्याचा करार पाठवला की खातं उघडतं आणि मग नाव जाहीर होतं. या करारात कॉपीराइट लिहिणाऱ्याकडेच राहतो, संस्थेला फक्त वापराचा परवाना मिळतो. 'हक्क सोडले' असं लिहू नये.

सगळ्यात जपून वापरायचा शब्द 'मेरिट', ज्याचं बातमीत 'गुणवत्ता' झालं. आपल्याकडे मेरिट म्हटलं की दहावी-बारावीची गुणवत्ता यादी आठवते, म्हणजे टक्के आणि क्रमांक. अपाचीत मेरिट म्हणजे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत केलेलं, साठत गेलेलं काम. त्याला 'कर्तृत्व' हा शब्द नेमका बसतो. डिग्री चालत नाही, कंपनीचं नाव चालत नाही. नोकरी बदलली तरी कमावलेलं त्या व्यक्तीकडेच राहतं. आणि काम म्हणजे फक्त कोड नव्हे. बग (कोडमधली चूक) पुन्हा घडवून दाखवणं, टेस्ट लिहिणं, दस्तऐवज सुधारणं, दुसऱ्यांचे पॅच तपासणं, लिस्टवर नवख्यांना उत्तरं देणं, सगळं धरलं जातं. गाडी अडते ती वेगळ्या कारणांनी: आधी चर्चा न करता हजारो ओळींचा एकच पॅच टाकला जातो, तो तपासायला कोणाला उसंत नसते, किंवा तपासणीत दुरुस्त्या सुचवल्या की पाठवणारा गायब होतो. पीएमसी पाहत असते ते हेच, की या माणसावर नजर ठेवावी लागणार नाही ना.

'योगदानकर्ता' हा शब्द चांगला आहे, पण तो 'काँट्रिब्युटर'साठी राखून ठेवावा. एक पॅच स्वीकारला गेला तरी माणूस योगदानकर्ता होतो. लिनक्स कर्नलबद्दल, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याबद्दल, लिहिताना 'मेंटेनर' (एखादा भाग सांभाळणारा) लिहावं, तिथे कमिटर असं पद नाही. पीएमसी सदस्य आणि कमिटर यांतही फरक आहे: नव्या आवृत्तीवर बंधनकारक मत फक्त पीएमसी सदस्याचं.

माझ्या मते 'कमिटर' हाच शब्द ठेवावा आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्थ उलगडावा. ती बातमी अशी लिहिता येईल: 'सातत्याने केलेल्या कामाच्या बळावर तिला अपाचीच्या प्रकल्पात कमिटर म्हणून घेण्यात आलं, आता ती मुख्य कोडमध्ये स्वतः बदल नोंदवू शकेल.' बोलताना सरळ 'ती कमिटर झाली'. अनेकवचन 'कमिटर'च, विभक्तीत 'कमिटरला', 'कमिटरांनी'.