वाचकांचे प्रश्न : पुळणीवरच्या टेकड्या आणि ग्रामपंचायत

प्रश्न : आमच्या पुळणीवर, माडांच्या बागांपुढे वाळूच्या टेकड्या आहेत. त्या सपाट करून वाहनतळ करायचा प्रस्ताव आला आहे. ग्रामपंचायत सदस्य म्हणून मला तो अडवता येईल का?
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : येईल, पण आधी किनारा व्यवस्थापन आराखड्याचा नकाशा पाहा. २०१९ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेनुसार वाळूच्या टेकड्या सर्वांत कडक अशा ‘१-अ’ वर्गात येतात. जमीन सरकारी असो वा खासगी, त्यात फरक पडत नाही. अडचण येते ती टेकडी नकाशावरच नसली तर. जिल्ह्याचा हा आराखडा १:२५,००० प्रमाणाचा असतो. त्यावर ५० मीटर रुंदीची टेकडी जेमतेम २ मिलिमीटर भरते, म्हणून सहज सुटते. गट क्रमांक दिसतील असा, साधारण १:४,००० चा गावनकाशा मागून घ्या.

मग तलाठी आणि ग्रामसेवकांना बरोबर घेऊन पायी फिरा. टेकडीचा समुद्राकडचा आणि बागेकडचा पायथा, दोन्ही बाजूंना दर २० मीटरवर मोबाइलने अक्षांश-रेखांश नोंदवा, फोटो काढा. मागचा खोलगट भागही हद्दीत घ्याच. लोक तो हमखास विसरतात. पावसाचं गोडं पाणी तिथेच मुरतं. तो बुजला की जवळच्या विहिरी मचूळ होऊ लागतात.

ग्रामसभेच्या ठरावात ‘निसर्गाचे रक्षण करावे’ असं मोघम लिहू नका, गट क्रमांक लिहा. नकाशा आणि फोटो जोडून प्रत जिल्हाधिकारी (जिल्हा किनारा समितीचे अध्यक्ष तेच असतात) आणि राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे पाठवा, पोच घ्या. गावच्या जैवविविधता नोंदवहीतही (गावातल्या वनस्पती-प्राण्यांची नोंद असते ती) टेकडीची नोंद करा. वाहनतळाची गरज खरीच असेल, तर गावाच्या विकास आराखड्यात रस्त्याकडेची, टेकडीमागची जागा सुचवा. नुसता विरोध पुढच्या सभेपर्यंतच टिकतो.

प्रश्न : टेकडीला खाच पडून वाळू बागेत येते. सुरूची झाडं लावावीत का?

उत्तर : पुढच्या बाजूला नकोत. सुरूच्या काड्यांचा थर साचला की खाली मर्यादवेल (पुळणीवर जमिनीलगत पसरणारी वेल) वाढत नाही, आणि वाळू धरून ठेवते ती हीच वेल. खाच बहुतेकदा पायवाटेने पडते. रोजच्या तुडवण्याने वेल मरते, उघड्या वाळूत वारा घुसतो आणि वाट दरवर्षी रुंदावते. म्हणून आधी ती वाट बंद करा आणि दुसरी काढा. पण नवी वाट सरळ समुद्राकडे नको, वाऱ्याच्या दिशेला तिरकी हवी. जुन्या खाचेत माडाच्या झावळ्यांचं, मीटरभर उंचीचं कुंपण वाऱ्याला आडवं घाला. ते निम्मं तरी विरळ ठेवा. गच्च कुंपणावर वारा आदळतो आणि बुडातली वाळू उकरतो.

जुलैत, पाऊस स्थिरावल्यावर, वेलीचे तीन-चार पेरांचे तुकडे अर्ध्या मीटरवर लावा. दोन पेरं वाळूखाली, शेंडा वर. हे सगळं भरतीच्या वरच्या रेषेच्या आत, जमिनीच्या बाजूला. कासवं अंडी घालत असतील, तर नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत तिथे कुंपणाचं काम काढू नका.